एमेट राडकेचा झेंडा

एमेट राडके जानेवारीत गेला आणि एप्रिलमध्ये पुरला गेला. एल्डर रिजमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. विस्कॉन्सिनच्या त्या भागात हिवाळ्यात जमीन चार-चार फूट गोठते. यंत्रं लावून ती फोडत बसण्यापेक्षा माणसं थांबतात. शवपेटी दफनभूमीतल्या दगडी कोठीत ठेवतात आणि बर्फ वितळून चिखल जरा बसला की एकेकाला आपापल्या जागी पोचवतात. त्या वर्षी कोठीत तिघं होते आणि तिघांनाही घाई नव्हती. घाई ऑर्विल टेशलाही नव्हती. जमीन जूनपर्यंत उघडली नसती तरी त्याची काही तक्रार नव्हती.

कारण जमीन उघडली की एमेटचा झेंडा ऑर्विललाच त्याच्या विधवेच्या हाती द्यावा लागणार होता.

माजी सैनिक गेला की काय करायचं ते गावात ठरलेलं आहे. पोस्टचे, म्हणजे माजी सैनिकांच्या हॉलचे, म्हातारे रांगेत उभे राहून बंदुकांच्या तीन फैरी झाडतात. एक जण बिगूल ओठांना लावून उभा राहतो. वाजवता कुणालाच येत नाही; सूर बिगुलात बसवलेल्या बॅटरीच्या यंत्रातून निघतो, आणि सगळे आपल्याला ते ठाऊकच नाही असा चेहरा करतात. सैन्यातून आलेले दोघं जण पेटीवरच्या झेंड्याची तिकोनी घडी घालतात. मग ती घडी घेऊन विधवेपुढे गुडघा टेकायचा आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं. खरं तर हे सैन्यातल्या माणसाचं काम. पण ऑर्विलचा आवाज दमदार, आणि गावाला ते वाक्य परक्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून तीस-बत्तीस वर्षं तो मान त्याच्याकडे होता. दोनशेच्या वर झेंडे त्यानं दिले होते.

वाक्य असं होतं: ‘देशाच्या अध्यक्षांच्या वतीनं, सैन्याच्या वतीनं आणि कृतज्ञ देशाच्या वतीनं हा झेंडा आपण स्वीकारावा.’ पुढे सेवेबद्दल आभाराचे चार शब्द, एक सलाम, आणि संपलं.

एमेट गेल्यावर चौथ्या दिवशी त्याची बायको मार्लिस ऑर्विलकडे आली. बूट न काढता दारातच पायपुसण्यावर उभी राहिली. ऑर्विलची बायको ग्लेंडा कॉफी ओतायला लागली तर तिनं हातानंच नको म्हटलं.

“एमेटनं सांगून ठेवलंय,” ती म्हणाली. “झेंडा ऑर्विलनंच द्यायचा. आणि त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही.”

“नाव नसतंच गं त्यात,” ऑर्विल म्हणाला. “नुसतं पद असतं.”

“पदावर कोण बसलंय ते एमेटला चांगलं माहीत होतं.”

“मग दुसऱ्या कुणाला सांग ना. पोस्टवरच्या केनीला सांग. तो तुमच्याच बाजूचा आहे.”

“केनी नको म्हणाला. तूच पाहिजेस म्हणाला.” मार्लिसनं हातमोजे चढवले. “आणि एक ऐकून ठेव, ऑर्विल. ते शब्द उच्चारलेस तर मी हात पुढे करणार नाही. बसशील तसाच गुडघ्यावर.”

ती गेली. ग्लेंडानं ओतलेली कॉफी स्वतःच पिऊन टाकली आणि म्हणाली, “मेला तरी त्यानं तुला बरोब्बर पकडलं.”

ऑर्विलला पकडलं होतं हे खरं, आणि का पकडलं हेही त्याला कळत होतं. एमेट आणि तो दीड वर्षापासून बोलत नव्हते. त्याआधी ते सदुसष्ट सालच्या शाळेच्या तुकडीपासून बोलत होते.

अडुसष्ट साली दोघांना सैन्यभरतीचं पत्र एकाच आठवड्यात आलं. दोघं एकाच बसनं मिलवॉकीला गेले, एकाच बाकावर उघडे बसून डॉक्टरची वाट पाहिली. पुढे एका कारकुनानं विचारलं, टायपिंग कुणाला येतं? ऑर्विलनं हात वर केला. शाळेत असताना तो टायपिंगच्या वर्गाला गेला होता, तो केवळ पुढच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीसाठी. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही, पण तिच्यापायी ह्याचा जीव वाचला. ऑर्विल जर्मनीला गेला आणि दोन वर्षं एका कोठारात बुटांच्या आणि टायरांच्या याद्या टाइप करत बसला. एमेटला टायपिंग येत नव्हतं. एमेट व्हिएतनामला गेला.

तो परत आला तो मांडीत लोखंडाचे तुकडे घेऊन. आल्यावर तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी तो पोस्टवर आला. शुक्रवारी तिथे तळलेले मासे असतात, सगळं गाव येतं. बारपाशी मोठ्या युद्धातली माणसं बसली होती. हिटलरला हरवून आलेली, छाती पुढे काढून चालणारी माणसं. त्यांच्यातला वॉल्टर ब्रून्स म्हणाला, “ये बाबा, बस. पण एक सांगतो, आम्ही आमचं युद्ध जिंकून घरी आलो होतो.” सगळे हसले. ऑर्विल त्यांच्या शेजारीच बिअर घेऊन बसला होता. तोही हसला.

गप्प बसला असता तर निदान म्हणता आलं असतं की सुचलं नाही. पण तो हसला. एमेटनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि माशांची पुडी बांधून घेऊन तो घरी गेला. पुढची पंधरा वर्षं त्यानं पोस्टची पायरी चढली नाही. मग मोठ्या युद्धातली माणसं एकामागून एक जायला लागली, फैरी झाडायला माणसं कमी पडायला लागली, तेव्हा एमेट आपण होऊन आला आणि रांगेत उभा राहिला. वॉल्टर ब्रून्सच्या दफनाला त्यानंच पहिली बंदूक उचलली. ऑर्विलला त्या दिवशी काहीतरी बोलायचं होतं. मग जेवणं झाली, आणि राहून गेलं.

बोलायचं ते राहून गेलं आणि नको ते बोलला, अशी त्याची गत. दीड वर्षापूर्वी निवडणूक होती. रस्त्याच्या अलीकडे ऑर्विलचं घर, पलीकडे एमेटचं. ऑर्विलच्या अंगणात एकाच्या नावाची पाटी, एमेटच्या अंगणात दुसऱ्याची. पहिले काही दिवस दोघांनी त्याची चेष्टाच केली. एमेट म्हणायचा, “तुझ्या पाटीकडे बघून माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्यात.” ऑर्विल म्हणायचा, “तुझ्या कोंबड्या आधीच आळशी, मालकासारख्या.” पण त्या वर्षी चेष्टा फार दिवस टिकत नव्हती, कुणाचीच. कॅफेतलं लांब टेबल आपोआप दोन झालं. पोस्टवर टीव्ही बंद ठेवायचा ठराव करावा लागला.

एका सकाळी कॅफेत गोठ्यांवर काम करणाऱ्या परदेशी माणसांचा विषय निघाला. एमेट म्हणाला, ही माणसं पहाटे तीनला उठून आपल्या गाई पिळतात, आणि आपण त्यांना ट्रकमध्ये घालून पाठवून द्यायचं म्हणतो, लाज वाटली पाहिजे. आवाज चढले. आणि ऑर्विल सगळ्यांदेखत म्हणाला, “खरं सांगू, एमेट? तुला हा देशच आवडत नाही. कधीच आवडला नाही.”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. बुटांच्या याद्या करणारा माणूस मांडीत लोखंड घेऊन फिरणाऱ्याला देशप्रेम शिकवत होता. एमेटनं कॉफीचे पैसे कपाखाली ठेवले आणि उठला. पुन्हा तो त्या टेबलाशी आला नाही. शरद ऋतूत त्याला कॅन्सर निघाला. ऑर्विलनं ग्लेंडाच्या हातून भोपळ्याचा केक पाठवला, स्वतः रस्ता ओलांडून गेला नाही. चाळीस पावलांचा रस्ता, पण नाहीच गेला.

आता तो दोन महिने बर्फ ओढत विचार करत होता. त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. त्यानं ज्यांना मत दिलं नव्हतं अशा दोन अध्यक्षांच्या नावानं झेंडे दिले होते, कुरकुर न करता. सलाम खुर्चीला असतो, बसणाऱ्याला नसतो, हे त्याला सैन्यात शिकवलं होतं. प्रत्येक विधवा आपल्या आवडीनं वाक्य कापायला लागली तर वाक्यात उरेल काय? आज हिनं अध्यक्ष काढले, उद्या कुणी देश काढील. आणि रांगेतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी त्याच्यासारखंच मत दिलं होतं. त्यांना काय वाटेल?

पण त्याच वेळी आपल्या आजोबांची गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. आजोबांचं गाव विस्कॉन्सिनमधलंच, पण जर्मन बोलणारं. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली, आणि एका शनिवारी शेजारच्याच माणसांनी आजोबांना धान्याच्या दुकानासमोर पोत्यावर उभं केलं आणि सगळ्या बाजाराच्या देखत झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. का, तर ते चर्चमध्ये जर्मनमध्ये प्रार्थना म्हणत होते. ‘तुला हा देश आवडत नाही,’ असं ती माणसं म्हणत होती. ऑर्विलच्या वडिलांनी हे आयुष्यात एकदाच सांगितलं, तेही गाडी चालवताना, रस्त्याकडे बघत. ऑर्विलला हे चांगलं माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. आणि नेमकं तेच वाक्य त्यानं कॅफेत एमेटला ऐकवलं होतं, जसंच्या तसं. हे त्याच्या ध्यानात फेब्रुवारीत आलं, फावडं हातात असताना.

मार्चमध्ये ग्लेंडा एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, “पूर्वी ते वाक्य वेगळं होतं ना रे? त्यात अध्यक्षबिध्यक्ष काही नव्हतं.”

आणि खरंच नव्हतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं ऑर्विल म्हणत होता, ‘हा झेंडा कृतज्ञ देशाच्या आणि सैन्याच्या वतीनं देत आहे.’ बारा-तेरा वर्षांपूर्वी वरून वाक्य छापलेलं नवं कार्ड आलं, त्यात अध्यक्ष आले आणि सगळ्यांत पुढे बसले.

“मग जुनं म्हण,” ग्लेंडा म्हणाली. “मार्लिसचंही राहील आणि तुझंही. एवढी साधी गोष्ट, दोन महिने डोकं धरून बसलास. पुरुषांना घरात एक शहाणं माणूस लागतं.”

ऑर्विलला इतकं हलकं वाटलं की त्यानं उरलेली भांडी पुसली. दुसऱ्या दिवसापासून तो गॅरेजमध्ये जुनं वाक्य घोकायला लागला. गवत कापायच्या यंत्रापुढे गुडघा टेकायचा आणि म्हणायचा. गुडघा ऑपरेशननं बदललेला होता, टेकायला सोपा आणि उचलायला महाकठीण.

दफन एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ठरलं. सैन्याकडून दोघं आले, त्यांत सार्जंट ओर्तेगा नावाची तिशीच्या आतली मुलगी होती. ती ऑर्विलला आधीही तीन-चार दफनांना भेटली होती. तिनं कार्ड पुढे केलं.

“मी जुनं वाक्य म्हणणार आहे,” ऑर्विल म्हणाला. “घरच्यांची इच्छा आहे.”

“कार्डावर नवं आहे, सर.”

“माहितेय. तुला काही अडचण?”

तिनं कार्ड परत खिशात घातलं. “मी दर आठवड्याला कार्डावरचं म्हणते, सर. माझे वडील इथून वीस मैलांवर गाई पिळतात. शरद ऋतूपासून ते किराणा आणायलाही बाहेर पडत नाहीत, मी आणून देते. तरी म्हणते. माझी नोकरी आहे ती.” तिनं खिशाचं बटण लावलं. “तुम्हाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला ऐकू आलं नाही असं समजा.”

‘तुझ्या वडिलांबद्दल नव्हतं ते,’ असं ऑर्विलला म्हणावंसं वाटलं. पण मत देताना नेमकं कुणाबद्दल होतं, हे त्यालाही आता धड सांगता आलं नसतं. तो नुसता मान हलवून पुढे गेला.

ऊन होतं, वारा गार होता, आणि सगळ्यांच्या बुटांना चिखल लागला होता. पाच म्हाताऱ्यांनी तीन फैरी झाडल्या; तिसरीला केनीची बंदूक उशिरा वाजली. बिगूल वाजला. सार्जंटनं आणि तिच्या जोडीदारानं झेंड्याची घडी घातली, कडा दाबून, एकही लाल रेघ बाहेर दिसू न देता. मग तिनं ती ऑर्विलच्या हातांवर ठेवली. तो चालत गेला. मार्लिस घडीच्या खुर्चीवर बसली होती, काळा कोट, पायांत एमेटचेच रबरी बूट. त्यानं गुडघा टेकला. तिनं हात मांडीवरून उचलले.

तोंड उघडलं तेव्हा जुनं वाक्य त्याच्या मनात लख्ख होतं. हे त्यानं नंतर ग्लेंडाला शपथेवर सांगितलं. पण समोर काळा कोट, हातांवर घडी, गुडघ्याखाली ओली माती, आणि मागून केनीचा खोकला. तेरा वर्षं हे असंच होतं, आणि तेरा वर्षं त्यापुढे एकच वाक्य येत होतं.

“देशाच्या अध्यक्षांच्या वतीनं,” ऑर्विल खणखणीत आवाजात म्हणाला.

आणि थांबला.

मार्लिसनं हात परत मांडीवर नेले. एका हाताची बोटं दुसऱ्यात अडकवली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच ऑर्विलला सोसेना. झेंडा तसाच दोघांच्या मध्ये राहिला. नियमाप्रमाणे वागायचं तर उरलेलं वाक्य पुरं करून घडी तिच्या मांडीवर ठेवायची, सलाम करायचा आणि उठायचं. कुणी त्याला दोष दिला नसता. निम्म्या गावानं पाठच थोपटली असती.

“चुकलो,” तो म्हणाला.

एवढ्यावर थांबायचं असं त्याला वाटलं होतं, पण थांबता येईना. “मी चुकलो, मार्लिस. आत्ताचं म्हणत नाही मी फक्त. कॅफेत चुकलो. त्याआधी त्या शुक्रवारी पोस्टवर हसलो, तेव्हा चुकलो. मी जर्मनीत बसून बुटांच्या याद्या करत होतो. तो तिकडे होता. आणि देश कुणाला आवडतो आणि कुणाला नाही, हे मी त्याला सांगत होतो.” त्याला हळू बोलता येत नव्हतं, इतकी वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची सवय. सगळ्या दफनभूमीनं ते ऐकलं. “तो होता तेव्हा मी रस्ता ओलांडून आलो नाही. यायला हवं होतं. हा झेंडा मी कुणाच्याही वतीनं देत नाहीये. मी देतोय. घे.”

मार्लिसनं लगेच घेतला नाही. सार्जंट ओर्तेगा समोर बघत ताठ उभी होती, तिला काही ऐकू आलेलं नव्हतं. मग मार्लिसनं बोटं सोडवली, दोन्ही हातांनी घडी घेतली आणि कोटाशी धरली.

ऑर्विलनं सलाम केला आणि उठायला गेला, पण गुडघा उठेना. मार्लिसनंच त्याच्या कोपराला हात दिला. तो उभा राहीपर्यंत तिनं तो सोडला नाही.

“एमेटनं सांगितलं होतं,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “म्हणाला, चुकेल तो. त्याचं तोंड म्हणजे जुनी गाय, नेहमीच्या गोठ्यातच शिरणार. तू रागावू नकोस. चुकल्यावर काय करतो ते मात्र नीट बघ.”

लोक चर्चच्या तळघराकडे निघाले होते; तिथे हॅमची सँडविचेस आणि बटाट्याचं सॅलड मांडून ठेवलं होतं. ग्लेंडा गाडीपाशी थांबली होती. केनी जाता जाता ऑर्विलच्या खांद्याला खांदा लावून गेला. दुसरे दोघे त्याच्याकडे न बघता गेले.

“चल, मार्लिस,” ऑर्विल शेवटी म्हणाला. “गाडीत बस आमच्या.”

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मला वेळ लागेल. काय झालं ते येऊन सांग म्हणालाय एमेट.”

तिनं घडीची खुर्ची उचलली, खड्ड्याच्या अगदी काठाशी नेऊन मांडली, झेंडा मांडीवर घेतला आणि सांगायला सुरुवात केली.